नागीण, तीही सात वर्षांच्या मुलीला?

वाचकांचे प्रश्न : मुलांचे आरोग्य

नागीण म्हणजे साठीनंतरचे दुखणे, अशी आपली पक्की समजूत. त्यामुळे हसत्याखेळत्या मुलाच्या अंगावर ती उठली की घर हादरते आणि डॉक्टरांच्या आधी गेरू, मंत्र, मलमे आणि मोबाइलवरचे सल्ले हजर होतात. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे एक बालरोगतज्ज्ञ आणि एक त्वचारोगतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तीन दिवस उजव्या कुशीत दुखतंय म्हणत होती. आम्हाला वाटलं, खेळताना पडली असेल. मग पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखे पाण्याचे फोड उठले. डॉक्टरांनी बघताक्षणी नागीण सांगितली. ती आठ महिन्यांची असताना तिला कांजिण्या आल्या होत्या, पण अगदी थोड्या. एरवी ठणठणीत आहे. एवढ्या लहान वयात नागीण म्हणजे आत काही मोठं तर नाही ना? नातेवाईक कॅन्सरच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घ्या म्हणतात. (एक आई, सांगली)

उत्तर : मुलांच्या नागिणीत आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो कांजिण्यांचा : आल्या होत्या का, आणि कितव्या महिन्यात? तुमच्या मुलीच्या नागिणीचे कारण बहुधा त्या आठव्या महिन्यातल्या कांजिण्यांतच आहे.

दोन्ही आजारांचा विषाणू एकच, व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही. त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने मागे जातो आणि मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर मुक्काम ठोकतो. रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशी त्याला तिथेच दाबून ठेवतात. म्हातारपणी हा पहारा सैल पडतो. लहान मुलांत गोष्ट वेगळी असते, तिथे पहारा मुळात नीट बसलेलाच नसतो. वर्षाच्या आतल्या बाळाची प्रतिकारयंत्रणा कच्ची असते. शिवाय आईकडून आलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) कांजिण्यांचा जोर थोडा मोडतात. म्हणूनच त्या ‘अगदी थोड्या’ येतात. पण त्यामुळे बाळाच्या शरीराची या विषाणूशी पुरती ओळख होत नाही, आणि काही वर्षांनी तो एका मज्जातंतूतून पुन्हा वर येतो. पहिल्या वर्षात कांजिण्या झालेल्या मुलांना बालपणी नागीण होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते.

काही मुलांना कधी कांजिण्या आल्याचे आठवतच नाही. तेव्हा आईला विचारावे : गरोदरपणात तुम्हाला आल्या होत्या का? चौथ्या महिन्यापासून पुढे आईला कांजिण्या झाल्या, तर विषाणू गर्भापर्यंत पोचू शकतो, आणि अशा बाळांपैकी शंभरात एकदोघांना पहिल्या एकदोन वर्षांतच थेट नागीण होते.

मुलांत नागीण विरळ, पण नवलाची नाही. इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यातल्या सोळा वर्षांच्या नोंदी १९६५ साली मांडल्या. त्यात दहा वर्षांखालील मुलांत वर्षाला दर हजारी एकाहूनही कमी नागीण होती, तर ऐंशी ओलांडलेल्यांत हजारी दहाच्या आसपास.

आता तपासण्यांबद्दल. मूल एरवी निरोगी आहे, वाढ चांगली आहे, फोड एकाच बाजूला एकाच पट्ट्यात आहेत आणि वेळेत सुकत आहेत, तर कॅन्सर शोधण्यासाठी रक्त काढायची गरज नाही. अशा मुलांत नागीण हे कॅन्सरचे पूर्वचिन्ह नसते. चौकशी करावी लागते ती चित्र वेगळे असेल तेव्हा : दोन-तीन पट्टे किंवा दोन्ही बाजूंना फोड, पट्ट्याबाहेर अंगभर विखुरलेले वीसहून अधिक फोड, काळे पडणारे किंवा खोल जखमा होणारे फोड, दोन आठवड्यांनंतरही न सुकणारी नागीण, किंवा दुसऱ्यांदा आलेली. त्याचप्रमाणे वारंवार न्यूमोनिया, सतत वाहणारा कान, तोंडात वरचेवर पांढरी बुरशी, न वाढणारे वजन, फिकटपणा, मार न लागता पडणारे काळेनिळे डाग, मानेत-काखेत वाढणाऱ्या गाठी, यांपैकी काही असेल तर रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, रक्ताची काच (काचेवरच्या थेंबातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि एचआयव्ही चाचणी करावी. किडनीच्या किंवा अन्य आजारासाठी पोटातून स्टेरॉइड सुरू असेल तर ते पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगा, कारण मग सगळी उपचारपद्धती बदलते. दम्याच्या पंपातला नेहमीचा डोस यात धरत नाहीत.

कुशीतल्या दुखण्याचेही सांगतो. पुरळ उठण्याआधी एक ते चार दिवस त्या पट्ट्यात दुखते, खाजते किंवा मुंग्या येतात. उजव्या ओटीपोटात असेल तर अपेंडिक्सची शंका येते, सोनोग्राफी होते आणि तीत काहीच सापडत नाही. अशा वेळी रोज कपडे काढून पाठ आणि पोट उजेडात पाहावे. मुले पाठीवरचे फोड स्वतःहून सांगत नाहीत.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर पोर हाती लागत नाही. गावात एक जण गेरू लावून मंत्र घालतो. माझ्या नवऱ्याला ते पटत नाही. रोज भांडण. (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : तोंड आणि शेपूट जुळत नाही, कारण शरीराची मांडणीच तशी नाही. मणक्याच्या प्रत्येक सांध्यातून मज्जातंतूंची एक जोडी निघते. उजवा उजव्या बाजूच्या त्वचेचा, डावा डाव्या बाजूच्या. विषाणू बहुतेक वेळा एकाच गाठीतून उठतो आणि त्याच मज्जातंतूच्या हद्दीत राहतो. म्हणून फोडांची रांग मागे पाठीच्या कण्याशी सुरू होते आणि पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेशी थांबते. स्तनाग्रांच्या पातळीवर असेल तर छातीचा चौथा मज्जातंतू, बेंबीच्या पातळीवर असेल तर दहावा. बोटभर फोड मध्यरेषेपलीकडे गेलेले दिसू शकतात, त्यात धोका नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत दोन्ही बाजूंना नागीण उठल्याची उदाहरणे आहेत. पण तिथेही जिवाला धोका असतो तो विषाणू फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरल्याने. वेढा पुरा झाल्याने कोणी जात नाही.

मंत्राने गुण आल्यासारखे का वाटते, तेही पाहा. निरोगी मुलात नवे फोड तीन ते पाच दिवस येत राहतात, सात ते दहा दिवसांत सुकून खपली धरतात आणि दोन-तीन आठवड्यांत खपल्या गळतात. मांत्रिकाला बोलावतात साधारण चौथ्या दिवशी. पाचव्या दिवसापासून आजार स्वतःच उतरणीला लागतो.

सासूबाईंशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. नुसत्या मंत्राने मुलाला इजा होत नाही. इजा होते ती लावण्याने, आणि तिथे मात्र ठाम राहा. गेरू म्हणजे माती. ओल्या फोडांवर ती वाळून कडक होते, काढताना फोडांची सालपटे उचकटतात आणि उघड्या त्वचेत जंतू शिरतात. खालची त्वचा किती लाल आहे, हेही डॉक्टरांना दिसत नाही. चुना, राख आणि टूथपेस्ट यांचे तेच. बिब्ब्याचे तेल तर स्वतःच त्वचा भाजते. त्याचे फोड नागिणीच्या फोडांत मिसळले की कशाने काय झाले ते आम्हालाही सांगता येत नाही. तापल्या लोखंडाने डाग देणे म्हणजे निव्वळ क्रूरता. मुलांच्या नागिणीनंतर राहणारे ठळक वण बहुतेकदा विषाणूचे नसतात, या उपचारांचे किंवा खाजवून पिकलेल्या जखमांचे असतात.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, वजन २० किलो. एका डॉक्टरांनी ‘औषध नको, आपोआप बरं होईल’ सांगितलं. दुसऱ्यांनी असायक्लोव्हिरचं पातळ औषध, मलम, ताकदीच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक दिलं. कोणाचं ऐकायचं? (एक वडील, नाशिक)

उत्तर : पहिल्या डॉक्टरांचे चूक नाही, आणि दुसऱ्यांच्या चिठ्ठीतले पहिले औषधही चूक नाही. बाकीच्या तीन गोष्टी वगळता येतील.

बारा वर्षांखालचे निरोगी मूल, छातीवर किंवा पोटावर मोजके फोड, दुखणे थोडे आणि पुरळ उठून तीन दिवस उलटलेले, असे असेल तर विषाणूवरचे औषध न देणे हा रास्त निर्णय आहे. मुलांत नागीण मोठ्यांपेक्षा सौम्य असते आणि महिनोन्‌महिने छळणारी वेदना मागे राहणे अगदी विरळ. औषध द्यावे असे आम्हाला वाटते ते चेहऱ्यावर, डोळ्याजवळ किंवा कानात फोड असताना, दुखणे जास्त असताना, मूल बारा वर्षांपुढचे असताना, फोड वेगाने वाढत असताना, मुलाला त्वचेचा जुनाट एक्झिमा असताना किंवा प्रतिकारशक्तीबद्दल शंका असताना. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केले तर उपयोग अधिक. नवे फोड येतच असतील, किंवा डोळा-कानाचा प्रश्न असेल, तर उशीर झाला तरी देतात.

असायक्लोव्हिरचा मुलांतला नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. एका वेळी ८०० मिलिग्रॅमच्या वर नाही. तुमच्या मुलाला एका वेळी ४०० मिलिग्रॅम बसतात. पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम असेल तर एका वेळी ५ मिलिलिटर. बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा आणि घरातला चमचा न वापरता मापाची टोपी किंवा सिरिंज वापरा. हे औषध रक्तातून काही तासांत उतरते, म्हणून चार वेळांचे ‘सोयीसाठी’ दोन वेळा केले की त्यात फारसा अर्थ उरत नाही. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा, अशा वेळा शाळेच्या मुलाला जमतात. दुपारचा डोस डब्याबरोबर पाठवू नका, शिल्लक राहतो. ते पाच दिवस पाणी, ताक, पेज भरपूर पाजा, कारण लघवी फार घट्ट झाली तर या औषधाचे स्फटिक किडनीत अडकू शकतात. उलट्या-जुलाब होत असतील किंवा किडनीचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका.

पालक इथे एक गफलत हमखास करतात. औषध सुरू करून दुसऱ्या दिवशीही नवे फोड दिसतात आणि ‘लागू पडत नाही’ म्हणून ते बंद होते. औषधाने आलेले फोड पुसले जात नाहीत, विषाणूची पुढची वाढ थांबते. पहिले दोन-तीन दिवस नवे फोड येणे अपेक्षितच आहे.

असायक्लोव्हिरच्या मलमाचा नागिणीत उपयोग नाही. विषाणू आतून मज्जातंतूच्या वाटेने येतो, वरून चोळलेले मलम तिथवर पोचत नाही, आणि चोळताना फोड मात्र फुटतात. ‘नसांच्या ताकदीची’ बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी किंवा इंजेक्शन याने नागीण लवकर बरी होत नाही. फोड पिकलेले नसतील तर अँटिबायोटिकची गरज नाही.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास अंतर. बाजारात हे सिरप ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. २५० चे असेल तर ६ मिलिलिटर, १२५ चे असेल तर १२ मिलिलिटर. जुन्या बाटलीच्या सवयीने नव्या बाटलीतून दिले की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. या विषाणूच्या आजारात त्याने यकृत आणि मेंदूला सूज येणारा राय सिंड्रोम हा घातक विकार होऊ शकतो. आयब्युप्रोफेन आणि तापासाठी सर्रास दिले जाणारे मेफेनॅमिक अ‍ॅसिडही टाळावे. कांजिण्यांत या गटातल्या औषधांचा त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी संबंध दिसला आहे, म्हणून नागिणीतही आम्ही हात आखडताच घेतो.

प्रश्न : कपाळावर, डाव्या भुवईच्या वर फोड आहेत. एक नाकाच्या शेंड्यावर. डोळा नीट उघडतो, दिसतंही. थांबावं का? (एक आई, रत्नागिरी)

उत्तर : थांबू नका. हे वाचल्याबरोबर, आजच, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच मज्जातंतूची शाखा जाते. शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्यालाही लागण होण्याची शक्यता बरीच जास्त. डोळा लाल दिसत नसला तरी बुबुळाची सूज सुरू झालेली असू शकते. ती रंगद्रव्य घालून स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या यंत्राखालीच दिसते. घरातले किंवा औषधाच्या दुकानातून आणलेले डोळ्याचे थेंब घालू नका. विशेषतः स्टेरॉइडचे थेंब, तपासणीशिवाय घातले तर घात करू शकतात. तोंडावाटे असायक्लोव्हिर इथे वयाकडे न बघता देतात.

अशीच तातडी कानाची. कानाच्या पाळीत किंवा भोकात फोड, कान ठणकणे, आणि त्याच बाजूचा डोळा नीट न मिटणे किंवा हसताना तोंड एकीकडे ओढले जाणे. चेहऱ्याचा लकवा राहून जाऊ नये म्हणून त्याच दिवशी उपचार हवेत. माकडहाडाजवळ किंवा जांघेत नागीण असून लघवी अडत असेल, किंवा कुठल्याही नागिणीत सतत डोके दुखणे, उलट्या, उजेड सहन न होणे, मान ताठणे, गुंगी, असे काही असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

प्रश्न : अंघोळ घालायची का? अंडी, वांगी, आंबट बंद करायला सांगितलंय. खाज फार आहे. (एक आजी, सातारा)

उत्तर : अंघोळ रोज घाला. कोमट पाणी, तांब्याने ओतून, साबण हलक्या हाताने, स्क्रबर नको. मऊ पंचाने टिपून घ्या, पुसू नका, आणि तो पंचा दुसऱ्या कोणाला देऊ नका. पाण्यात कडुनिंबाचा पाला घातला तर हरकत नाही, पण वाटून लेप लावू नका.

फोड पाझरत असतील तेव्हा ओल्या घड्या सर्वांत आराम देतात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून पिळा आणि १५ मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. कापड दर वेळी धुऊन उन्हात वाळवा. न फुटलेल्या, खाजणाऱ्या फोडांवर कॅलामाइन चालते. फुटलेल्या जागी ते नको, तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर न चिकटणारी जाळीची पट्टी. कापूस थेट ठेवू नका, त्याचे धागे खपलीत रुततात. सुई टोचून फोड फोडू नका. नखे कापा. आत मऊ सुती बनियन उलटे घाला, म्हणजे शिवण टोचत नाही. रात्री खाजेने झोप येत नसेल तर डॉक्टर अ‍ॅलर्जीवरचे औषध देतील.

घरात कोणाच्या तरी गजकर्णासाठी आणलेली ‘तीन औषधांची’ ट्यूब नक्की सापडेल. तिच्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असते. ती लावल्यावर लाली आणि खाज तात्पुरती बसते, पण त्वचेचा बचाव मोडतो आणि जंतूंना रान मोकळे मिळते. ती नको.

पिकले कसे ओळखायचे? चार-पाच दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढणारे दुखणे, मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, नव्याने ताप. भोवतालच्या लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर दाखवा.

पथ्याचे म्हणाल तर काहीच नाही. अंडी, दूध, वांगी, आंबट, सगळे द्या. आजारात मुलाचा आहार तोडणे हे उलटे काम आहे.

प्रश्न : मुलीची चाचणी परीक्षा आहे. घरात पाच महिन्यांचा भाचा आणि गरोदर वहिनी आहेत. नागीण लागते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. फोडातल्या पाण्याचा स्पर्श झाला तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होतात, दहा ते एकवीस दिवसांनी. आजोबांची नागीण आणि पंधरा दिवसांनी नातवाला कांजिण्या, हे त्यामुळेच घडते. खपली पूर्ण धरली की संसर्ग संपला.

फोड कपड्याखाली, पट्टीने झाकता येत असतील आणि मुलीला बरे वाटत असेल तर परीक्षेला जाऊ द्या. चेहऱ्यावर, हातावर उघडे असतील तर खपल्या धरेपर्यंत, साधारण आठवडाभर, घरी. कबड्डी, कुस्ती, पोहणे तोवर बंद. वर्गात कोणा मुलाचे कॅन्सरवरचे उपचार सुरू असतील तर बाईंना आधी कळवा.

वहिनींना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर त्यांना आणि पोटातल्या बाळाला धोका नाही. आठवत नसेल तर रक्तातली प्रतिपिंडे तपासता येतात. नसली आणि फोडांशी संपर्क आला असेल तर प्रसूतितज्ज्ञांना लगेच सांगा. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते, जितके लवकर तितके चांगले. भाच्याला आईकडून मिळालेले संरक्षण पाच महिन्यांत विरळ होत आलेले असते, तेव्हा मुलीचे फोड झाकलेले ठेवा, तिच्या अंथरुणावर त्याला ठेवू नका, आणि तिला हात धुतल्याशिवाय बाळ घेऊ देऊ नका. घरात वर्षावरचे, लस न घेतलेले मूल असेल तर संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत कांजिण्यांची लस दिल्याने बहुतेकदा आजार टळतो किंवा सौम्य होतो.

प्रश्न : मुलाला कांजिण्यांचे दोन्ही डोस दिले होते. तरीही चौथ्या वर्षी मांडीवर नागीण. मग लस कशाला? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये ती मांडली. ओका आडनावाच्या मुलाच्या फोडातून घेतलेला विषाणू प्रयोगशाळेत वाढवत वाढवत मऊ केलेला होता, म्हणून तो ओका वाण. अमेरिकेत ती १९९५ पासून आहे. हा दुबळा विषाणूही मज्जातंतूच्या गाठीत जाऊन बसू शकतो, आणि क्वचित पुढे नागीण होते. अशी नागीण पुष्कळदा ज्या दंडात किंवा मांडीत लस टोचली होती तिथेच उठते. तुमच्या मुलाचे तसेच दिसते. दुसरी शक्यता अशी की खऱ्या विषाणूची लागण होऊन गेली, पण लशीमुळे ती दिसली नाही. दोन्हींतला फरक फोडाच्या तळातून घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआर (विषाणूची जनुकीय चाचणी) आणि त्याचा वाण ओळखण्यानेच कळतो. उपचार सारखेच असल्याने एरवी त्यात पडू नये.

लस कशाला, याचे उत्तर तुमच्याच देशातल्या नोंदींत आहे. २००३ ते २०१४ या काळातल्या सतरा वर्षांपर्यंतच्या सुमारे ६३ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा लस घेतलेल्यांत नागीण वर्षाला लाखात ३८, न घेतलेल्यांत १७० होती. म्हणजे जवळजवळ साडेचारपट फरक.

भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात नाही, खासगीत घ्यावी लागते. पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यात आणि दुसरा किमान तीन महिन्यांनी. तेरा वर्षांपुढच्या मुलांत दोन डोसांत चार आठवडे पुरतात.

प्रश्न : पावसाळ्यात वसतिगृहातल्या पाच-सहा मुलांच्या मानेवर, हातावर फोडांच्या रेघा उठल्या. सगळ्यांना नागीण? (एक शिक्षक, पुणे जिल्हा)

उत्तर : नाही. एकाच वेळी पाच-सहा जणांना म्हणजे कीटक. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा, सात ते दहा मिलिमीटर लांब, केशरी-काळ्या पट्ट्यांचा एक किडा असतो, काही जण त्याला ‘अ‍ॅसिड फ्लाय’ म्हणतात. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्यातला दाहक रस त्वचा भाजतो. रात्री चिरडतो, दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी लाल रेघ आणि तीवर बारीक पिवळसर फोड. रेघ हात जिकडे फिरला तिकडे जाते, मध्यरेषा ओलांडते. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोरच्या त्वचेवर जुळ्या जखमा दिसतात. किडा दिसला तर फुंकून उडवा, जागा साबणाने लगेच धुवा, झोपताना दिवे बंद आणि मच्छरदाणी. यात मात्र डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मलम देतात, नागिणीच्या नेमके उलट. म्हणून आधी निदान, मग ट्यूब.

मूल एकच असेल आणि त्याच जागी, विशेषतः ओठ, बोट किंवा कुल्ल्यावर फोडांचा झुबका पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती बहुधा नागीण नसते, हर्पिस सिम्प्लेक्स या वेगळ्या विषाणूची लागण असते. फोडाचा खरवड घेऊन काचेवर पाहण्याच्या जुन्या चाचणीत दोन्ही सारखेच दिसतात, पीसीआरमध्ये वेगळे ओळखू येतात.

थोडक्यात विचारलेले

*डाग राहतील का?* खाजवले नाही आणि पिकले नाही तर बहुतेक पुसले जातात. फिकट किंवा काळसर छटा काही महिने राहते. त्या जागी ऊन लागू देऊ नका.

*पुन्हा होईल का?* निरोगी मुलात क्वचित. दुसऱ्यांदा झाली तर फोड ताजे असतानाच नमुना तपासून घ्या.

*मोठ्यांसाठी निघालेली नागिणीची लस मुलाला देऊ का?* नाही. निरोगी मुलांसाठी ती नाही.

*नागीण होऊन गेली, पण कांजिण्यांची लस राहिली आहे. आता द्यायची का?* डॉक्टरांनी पाहून निदान केले असेल तर गरज नाही, विषाणूशी ओळख झालेली आहे. निदान नुसत्या अंदाजाचे असेल तर फोड पूर्ण बरे झाल्यावर वयाप्रमाणे दोन्ही डोस द्या. आधीच प्रतिकारशक्ती असली तरी लशीने अपाय होत नाही.